मुंबईचा चंद्र : उदय, अस्त आणि भरतीचे गणित

(पावसाळ्यापूर्वी मुंबईतील शिक्षक आणि आपत्ती-निवारणाच्या कामातील स्वयंसेवक यांच्या एका मेळाव्यात माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



चंद्रावर बोलावयाचे म्हटले की कवींची आठवण व्हावी हे स्वाभाविकच आहे. माझे स्वतःचे शिक्षणही कलाशाखेचे असल्यामुळे चंद्राशी माझी पहिली ओळख झाली ती पाठ्यपुस्तकांतील कवितांतूनच. परंतु आज मी आपल्यापुढे उभा आहे तो चंद्राच्या सौंदर्याचे वर्णन करण्यासाठी नव्हे. चंद्र हे मुंबई शहराचे एक घड्याळ आहे. ते कोणाला किल्ली द्यावी लागत नाही आणि ते कधी बंद पडत नाही. मात्र ते वाचावयाचे कसे, हे आपल्यापैकी बहुतेकांना आता सांगता येत नाही. हे घड्याळ वाचता येणे हा केवळ हौसेचा भाग नसून समुद्राच्या काठी राहणाऱ्या नागरिकाच्या सुरक्षिततेचा भाग आहे, एवढीच एक गोष्ट मला आज आपल्या मनावर बिंबवावयाची आहे.

आपल्या घरोघरी भिंतीवर दिनदर्शिका असते. तिच्यावर तिथी छापलेली असते, संकष्टी चतुर्थीला चंद्रोदयाची वेळ दिलेली असते, अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या खुणा असतात. ही सर्व माहिती आपण उपवास सोडण्यासाठी किंवा सणवार पाहण्यासाठी वापरतो. त्याच माहितीतून मुंबईचा समुद्र कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी आणि साधारणपणे किती चढणार हेही कळू शकते, याकडे मात्र आपले लक्ष जात नाही.

दररोज दोन घटका

प्रथम मूळ गणित पाहू. चंद्र पृथ्वीभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरतो. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत त्याला सरासरी २९ दिवस १२ तास ४४ मिनिटे लागतात. या काळात सूर्यापासून त्याचे अंतर ३६० अंशांनी वाढते. हे अंतर १२ अंशांनी वाढण्यास जो काळ लागतो त्याला आपल्या पंचांगकारांनी ‘तिथी’ असे नाव दिले. म्हणजे तिथी ही काही केवळ धार्मिक कल्पना नव्हे. सूर्य आणि चंद्र यांच्यामधील कोन मोजण्याचे ते एक माप आहे.

आता १२ अंश म्हणजे वर्तुळाचा तिसावा भाग. चोवीस तासांचा तिसावा भाग ४८ मिनिटे होतो. जुन्या हिशेबाने घटका २४ मिनिटांची; तेव्हा ४८ मिनिटे म्हणजे बरोबर दोन घटका. एक तिथी पुढे गेली की चंद्र दोन घटका मागे पडतो, हे त्यातील सूत्र होय. तिथी ही दिवसापेक्षा किंचित लहान असते. त्यामुळे आपल्या घड्याळाच्या हिशेबाने आजच्या चंद्रोदयापेक्षा उद्याचा चंद्रोदय सरासरी ५० मिनिटांनी उशिरा होतो.

‘सरासरी’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. चंद्राची कक्षा पूर्ण गोल नाही आणि त्याचा मार्ग क्षितिजाशी सदैव सारखाच कोन करीत नाही. त्यामुळे हा उशीर कधी पाऊण तासाहून थोडा कमी, तर कधी तासाच्या आसपास भरतो. आश्विनातील पौर्णिमेच्या सुमारास तो कमी असतो, म्हणून कोजागरीच्या मागच्या-पुढच्या दोन-तीन दिवशी संध्याकाळ झाली की थोड्याच वेळात चंद्र वर आलेला दिसतो.

या विलंबाचा एक परिणाम पुष्कळांना चकित करणारा आहे. एका चांद्रमासात सूर्य सरासरी साडेएकोणतीस वेळा उगवतो. चंद्र मात्र साडेअठ्ठावीस वेळाच उगवतो. चंद्रोदयाच्या तक्त्यात कृष्ण अष्टमीच्या आसपास एखाद्या तारखेपुढे वेळ नसून नुसती आडवी रेघ असते. काहींना तो छपाईतील दोष वाटतो. वस्तुतः आदल्या रात्री बाराच्या थोडे आधी उगवलेला चंद्र पुढच्या वेळी मध्यरात्र उलटल्यावर उगवतो आणि मधली तारीख चंद्रोदयावाचून जाते. शुक्ल अष्टमीच्या सुमारास याच कारणाने एक तारीख चंद्रास्तावाचून जाते.

मुंबईची वेळ

चंद्रोदयाची वेळ सर्व महाराष्ट्राला एक नसते, हेही आपण संकष्टीच्या तक्त्यात पाहतो. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून ठरविलेली आहे. मुंबई त्या रेखांशाच्या जवळजवळ पावणेदहा अंश पश्चिमेला आहे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने मुंबईचा खरा मध्यान्ह आपल्या घड्याळात सरासरी १२ वाजून ३९ मिनिटांनी होतो. नागपूर मुंबईच्या सुमारे सव्वासहा अंश पूर्वेस असल्याने तेथे चंद्र साधारण पंचवीस मिनिटे आधी उगवतो.

या ३९ मिनिटांचा मुंबईला एके काळी मोठा अभिमान होता. १९०६ साली देशात प्रमाणवेळ सुरू झाली, तरी या शहराने आपली ‘मुंबई वेळ’ सोडली नाही. रेल्वेची वेळ निराळी आणि शहराची वेळ निराळी असा प्रकार १९५५ पर्यंत चालू होता. आज तो वाद उरलेला नाही, परंतु चंद्र अजूनही जुन्या मुंबई वेळेप्रमाणेच चालतो असे म्हणावयास हरकत नाही. ‘शुक्ल अष्टमीचा चंद्र दुपारी बाराला उगवतो’ असे पुस्तकात वाचून कोणी विद्यार्थी पाहावयास गेला तर त्याला मुंबईत सुमारे पाऊण तास थांबावे लागते, ते याचमुळे.

चंद्रोदय आणि चंद्रास्त पाहण्यासाठी मुंबईइतके सोयीचे शहर क्वचितच असेल. शहराच्या पूर्वेला बंदराचे पाणी आहे, पश्चिमेला खुला अरबी समुद्र आहे. पौर्णिमेच्या सायंकाळी गिरगाव चौपाटीवर सूर्य पाण्यात बुडत असतो, आणि त्याच सुमारास अपोलो बंदरावर, खाडीपलीकडच्या डोंगरांवरून चंद्र वर येत असतो. दोन्ही ठिकाणे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. आपल्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांचे दोन गट करून एका वेळी दोन्ही ठिकाणी उभे केले, तर सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एका रेषेत येतात म्हणजे काय, हे फळ्यावर आकृती न काढताही समजेल.

एका महिन्याचा हिशेब

आता प्रत्यक्ष एक महिना घेऊ. मी मुद्दाम जुलै २००५ हा महिना निवडला आहे. त्याचे कारण पुढे आपोआप स्पष्ट होईल.

त्या महिन्यात ६ जुलैला अमावास्या होती. अमावास्येला चंद्र सूर्याबरोबर उगवतो आणि सूर्याबरोबर मावळतो. जुलैमध्ये मुंबईत सूर्योदय सहाच्या थोडा पुढे आणि सूर्यास्त सव्वासातनंतर होतो. तेव्हा दिवसभर चंद्र आकाशात होता, परंतु त्याची प्रकाशित बाजू सूर्याकडे आणि अंधारी बाजू आपल्याकडे होती. त्यानंतर एक-दोन दिवसांनी सूर्यास्तानंतर पश्चिमेला बारीक कोर दिसण्याचे दिवस येतात. याच कोरीची वाट पाहून मुस्लिम बांधवांचा नवा महिना सुरू होतो. ती कोर सूर्यास्तानंतर थोडाच वेळ क्षितिजावर राहते. म्हणूनच ती दिसली की नाही याची साक्ष गावोगावहून घ्यावी लागते.

त्यानंतर चंद्र दररोज मागे मागे पडत गेला. १४ जुलैला त्याचा अर्धा भाग प्रकाशित झाला. त्या दिवशी तो दुपारी पाऊणच्या सुमारास उगवला आणि मध्यरात्र उलटल्यावर मावळला. शुक्ल पक्षातील चंद्र संध्याकाळी आयताच डोक्यावर किंवा पश्चिमेकडे असतो, म्हणून आपल्याला त्याचा परिचय अधिक असतो.

२१ जुलैला आषाढी पौर्णिमा, म्हणजे गुरुपौर्णिमा होती. सूर्य मावळल्यानंतर थोड्याच वेळात पूर्वेला चंद्र उगवला. पावसाळ्यातील पौर्णिमेचा चंद्र आकाशात दक्षिणेकडून, तुलनेने खालून जातो. मार्गशीर्ष-पौषातील पौर्णिमेचा चंद्र मात्र मुंबईकरांच्या जवळजवळ डोक्यावर येतो. सूर्य हिवाळ्यात खाली आणि उन्हाळ्यात वर असतो, त्याच्या हे बरोबर उलट आहे.

त्या पौर्णिमेचे आणखी एक वैशिष्ट्य होते. चंद्र पृथ्वीपासून सदैव सारख्याच अंतरावर नसतो. महिन्यातून एकदा तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ येतो. २१ जुलै २००५ रोजी पौर्णिमा आणि ही जवळीक एकाच दिवशी आली होती. त्या वेळी चंद्र सुमारे ३ लाख ५७ हजार किलोमीटर अंतरावर होता. त्याचे सरासरी अंतर सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटर आहे.

पौर्णिमेनंतर चंद्रोदय रात्री उशिरा उशिरा होऊ लागला. २६ जुलैला तो रात्री अकराच्या पुढे गेला आणि २८ जुलैला कृष्ण पक्षातील अर्धचंद्राची स्थिती आली. कृष्ण पक्षातील हा चंद्र झोपलेल्या शहराचा चंद्र आहे. तो दिसतो पहाटे दूध घेऊन निघालेल्यांना, रात्रपाळीहून परतणाऱ्या कामगारांना आणि नावा लोटणाऱ्या कोळी बांधवांना. सकाळी शाळेत जाणाऱ्या मुलांनी मान वर केली तर तो त्यांनाही पश्चिमेच्या आकाशात फिकट पांढरा दिसतो. परंतु ‘चंद्र रात्री असतो’ असे त्यांना शिकविले गेलेले असल्यामुळे ती तिकडे पाहत नाहीत.

समुद्राला दिसणारा चंद्र

हे झाले डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राविषयी. मुंबईत पावसाळ्याचे तीन-चार महिने चंद्र बहुधा दिसतच नाही. ढग त्याला झाकून टाकतात. परंतु जो चंद्र आपल्याला दिसत नाही तो समुद्राला दिसतो, आणि नेमक्या याच काळात त्याची माहिती असणे सर्वांत अधिक निकडीचे असते.

चंद्राच्या आकर्षणामुळे पृथ्वीवरील पाण्याला दोन बाजूंनी फुगवटा येतो : एक चंद्रासमोर आणि दुसरा त्याच्या विरुद्ध दिशेला. पृथ्वी फिरत असल्याने मुंबईच्या किनाऱ्यावर सुमारे २४ तास ५० मिनिटांत दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. हाच तो चंद्रोदयाला रोज होणारा पन्नास मिनिटांचा उशीर! समुद्राच्या तळाचा उतार, किनाऱ्याचा आकार इत्यादी कारणांनी भरतीची प्रत्यक्ष वेळ स्थळपरत्वे बदलते. मुंबईत अमावास्येला आणि पौर्णिमेला भरती साधारणपणे दुपारी बाराच्या आणि मध्यरात्रीच्या सुमारास असते. त्यानंतर दररोज ती पुढे सरकते.

यावरून कोकण किनाऱ्यावर एक सोपा ठोकताळा रूढ झाला आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. शुक्ल आणि कृष्ण या दोन्ही पक्षांना हाच हिशेब लागू पडतो. यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो आणि पाऊणपटीऐवजी तिथीमागे ४८ मिनिटे धरली तर उत्तर किंचित निराळे येते. तरीही कागद-पेन्सिलीवाचून, निव्वळ बोटांवर इतके जवळचे उत्तर मिळावे, ही सामान्य गोष्ट नव्हे.

वेळेप्रमाणेच भरतीची उंचीही चंद्राच्या कलांवर अवलंबून असते. अमावास्येला व पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र यांचे आकर्षण एका रेषेत येते आणि समुद्र अधिक चढतो. त्यास आपण उधाण म्हणतो. अष्टमीला ही आकर्षणे काटकोनात येतात आणि भरती बेताची होते. ती भांगाची भरती. मुंबई बंदरात उधाणाच्या भरतीची सरासरी उंची सुमारे ४.४ मीटर, तर भांगाच्या भरतीची सुमारे ३.३ मीटर आहे. उधाणात ओहोटीही तितकीच खोल जाते. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावयास हवी : उधाणाचा जोर अमावास्या-पौर्णिमेच्या दिवशीच संपत नाही. तो पुढील एक-दोन दिवसांत कळसाला पोहोचतो.

ही विद्या मुंबईच्या कोळीवाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. बोंबील धरण्यासाठी लावली जाणारी डोल जाळी भरती-ओहोटीच्या प्रवाहावर अवलंबून असतात. प्रवाहाचा जोर उधाणात मोठा आणि भांगात कमी. तेव्हा तिथी माहीत नसेल तर तो धंदाच करता येणार नाही. शाळेत कधीही न गेलेल्या कोळी भगिनीला आजची तिथी विचारा; ती कॅलेंडर न पाहता सांगेल. आपण शिकलेली माणसे मात्र कॅलेंडर पाहूनही समुद्राकडे पाहत नाही.

सव्वीस जुलैचा धडा

आता मी जुलै २००५ हा महिना का निवडला ते आपल्या ध्यानात आले असेल. २६ जुलै रोजी दुपारनंतर मुंबईच्या उपनगरांत जो पाऊस कोसळला त्याची आठवण येथील अनेकांना असेल. सांताक्रूझ येथील नोंदीप्रमाणे २७ तारखेच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच काळात कुलाब्याला केवळ ७३ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. शेकडो माणसे प्राणास मुकली, लाखो लोक रस्त्यांवर, गाड्यांत आणि कार्यालयांत अडकून पडले.

पाऊस चंद्रामुळे पडला नाही, हे मी प्रथम स्पष्ट करतो. चंद्राच्या कलांवरून पावसाचे भाकीत करता येत नाही आणि तसा समज कोणी पसरवू नये. त्या दिवशी मुंबईवर दोन स्वतंत्र गोष्टी एकाच वेळी येऊन आदळल्या. एक म्हणजे पाऊस. दुसरी म्हणजे भरती. पौर्णिमेला त्या दिवशी पाच दिवस झाले होते. पाचाची पाऊणपट पावणेचार. प्रत्यक्षात त्या दुपारी भरती आली ती ३ वाजून ५० मिनिटांनी! तिची उंची ४.४८ मीटर होती.

पौर्णिमेनंतर पाच दिवसांनी समुद्र एरवी पुष्कळ उतरलेला असतो. परंतु त्या महिन्यात चंद्र पौर्णिमेलाच पृथ्वीच्या जवळ आलेला असल्यामुळे उधाण मोठे होते, आणि पाचव्या दिवशीही भरती उधाणाच्या सरासरीहून किंचित वरच राहिली. त्या दुपारी चंद्र आकाशात नव्हताही. तो सकाळीच मावळला होता आणि भरतीच्या वेळी क्षितिजाच्या पुष्कळ खाली, पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूकडे होता. आपल्या पायांखालच्या चंद्राने समुद्र चढविला होता.

भरतीने काय होते? मुंबईतील पर्जन्यजलवाहिन्या उताराने वाहतात आणि समुद्रात किंवा खाडीत उघडतात. त्यांपैकी बहुतेकांची मुखे भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. समुद्र चढला की बाहेर जाणारे पाणी थबकते. सुमारे १८ किलोमीटर लांबीच्या मिठी नदीला माहीमच्या खाडीत वाट मिळेनाशी होते. मग पावसाचे पाणी सखल भागांत साचते, आणि समुद्र उतरेपर्यंत त्याला दुसरा मार्ग उरत नाही. त्या दिवशी तेच झाले. त्या पावसापुढे ओहोटीच्या वेळीही गटारे पुरी पडली नसती, हे खरे. परंतु भरतीने उरलेली वाटही अडविली.

त्यानंतर शहराने पुष्कळ केले आहे. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध येथे पंपिंग स्टेशने उभारण्यात आली. भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी आत येऊ न देता आतले पाणी पंपांनी बाहेर टाकणे हे त्यांचे काम. पावसाळ्यात साडेचार मीटरांहून उंच भरती कोणकोणत्या दिवशी येणार, त्याची यादी महापालिका दर वर्षी आगाऊ प्रसिद्ध करते. वृत्तपत्रे ती छापतात. ती यादी कात्री लावून कापून दाराशी चिकटविणारी घरे किती, हा प्रश्न आपण स्वतःला विचारावयाचा आहे.

कोष्टकांची परंपरा

अशी यादी वर्षभर आधी करता येते, यामागे दोन शतकांची चिकाटी आहे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली स्थापन झाली. बंदरात येणाऱ्या जहाजांना अचूक वेळ कळावी, हा तिच्या मूळ हेतूंपैकी एक होता. याच वेधशाळेत तरुण वयात नोकरीस लागलेले केरो लक्ष्मण छत्रे पुढे थोर गणिती म्हणून प्रसिद्धीस आले. त्यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. पंचांगातील गणित प्रत्यक्ष आकाशाशी जुळले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. लोकमान्य टिळक त्यांना गुरू मानीत आणि पंचांगशोधनाचा तोच आग्रह टिळकांनी पुढे चालविला.

स्वातंत्र्यानंतर केंद्र शासनाने डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली दिनदर्शिका सुधारणा समिती नेमली. तिच्या शिफारशींनुसार २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. आज राष्ट्रीय पंचांग तयार करण्याचे आणि सूर्य-चंद्रांच्या उदयास्ताचे गणित करण्याचे काम कोलकाता येथील केंद्र शासनाची संस्था करते, तर भरती-ओहोटीची कोष्टके भारतीय सर्वेक्षण विभाग दर वर्षी प्रसिद्ध करतो. अपोलो बंदरावर समुद्राच्या पातळीची नोंद १८७८ पासून उपलब्ध आहे. समुद्राची सरासरी पातळी हळूहळू वाढत आहे हे आपल्याला समजले, तेही अशा दीर्घकालीन नोंदींमुळेच. चंद्र तोच आहे, भरतीचे गणितही तेच आहे. परंतु ज्या पायरीवरून समुद्र चढावयास लागतो ती पायरी थोडी थोडी वर सरकत आहे. म्हणून हे ज्ञान जुने झाले असे कोणी समजू नये.

आपण काय करू शकतो

आता थोडे कामाचे बोलतो.

शिक्षक बंधु-भगिनींना माझी विनंती आहे की वर्गात एक मोठा कागद लावावा आणि एक महिनाभर विद्यार्थ्यांकडून त्यावर दररोज चार गोष्टी लिहून घ्याव्यात : तारीख, तिथी, चंद्र दिसला ती वेळ व दिशा, आणि त्या दिवसाची भरतीची वेळ. यासाठी कार्तिक किंवा मार्गशीर्ष हे निरभ्र महिने सोयीचे. इमारतींमुळे चंद्र उशिरा दिसतो, ही तक्रार योग्य आहे. तेव्हा कोष्टकातील चंद्रोदय आणि आपल्या गच्चीवरून दिसलेला चंद्र यांतील फरकही मुलांनी लिहावा. महिन्याच्या अखेरीस पाऊणपटीचा नियम त्यांना सांगावा लागणार नाही. तो त्यांचा त्यांनाच सापडेल.

स्वयंसेवक मित्रांसाठी सणांचे एक उदाहरण देतो. दीड दिवसाच्या गणपतींचे विसर्जन भाद्रपद शुद्ध पंचमीला होते. त्या दिवशी भरती दुपारी पावणेचार-चारच्या सुमारास. अनंत चतुर्दशी ही पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, म्हणजे दर वर्षी उधाणाच्या तोंडावरच येते. त्या दिवशी भरती दुपारी बाराच्या आधी आणि पुन्हा मध्यरात्रीच्या सुमारास असते, तर मिरवणुका चौपाटीवर पोहोचू लागतात त्या सायंकाळी खोल ओहोटी असते. ओहोटीत मूर्तीसाठी लोक दूरवर आत चालत जातात आणि पाठीमागून समुद्र वेगाने भरू लागतो. हे वेळापत्रक दर वर्षी नव्याने शोधण्याचे कारण नाही. तिथी निश्चित आहे, म्हणून वेळही जवळजवळ निश्चित आहे.

पावसाळ्यात तर प्रत्येक वस्तीने तीन आकडे रोज एका फलकावर लिहावेत : आजची तिथी, आजच्या दोन भरत्यांच्या वेळा आणि त्यांची उंची. वेळ व उंची अधिकृत कोष्टकातूनच घ्यावी. पाऊणपटीचा नियम पडताळ्यासाठी आहे, कोष्टकाच्या जागी वापरण्यासाठी नाही. मुसळधार पावसाचा इशारा आणि मोठी भरती एका दिवशी येत असतील, तर भरतीच्या आधीचे व नंतरचे दोन-दोन तास सखल भागांतून जाणे टाळावे, वृद्धांना व आजारी माणसांना आधीच वरच्या जागी हलवावे आणि तळमजल्यावरील धान्य, औषधे, कागदपत्रे उचलून ठेवावीत. शाळा सोडण्याची वेळ ठरविताना मुख्याध्यापकांनीही भरतीची वेळ अवश्य पाहावी. पाऊस किती पडेल हे हवामान खाते काही तास किंवा काही दिवस आधी सांगू शकते. भरतीची वेळ मात्र आपल्याला वर्षभर आधी ठाऊक असते. संकटाच्या दोन बाजूंपैकी एक बाजू इतकी निश्चितपणे माहीत असताना तिच्याबाबत गाफील राहणे परवडणारे नाही.

मित्रहो, एकाच चंद्रावर कोणी संकष्टीचा उपवास सोडतो, कोणी ईदचा दिवस ठरवितो, कोणी बुद्धपौर्णिमेला वंदन करतो, कोणी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करतो. या शहरात भाषा अनेक आहेत, पंथ अनेक आहेत. परंतु भरती सर्वांच्या दारी एकाच वेळी येते. म्हणून तिचे वेळापत्रक ही सर्वांची सामाईक माहिती असली पाहिजे. येत्या पावसाळ्यात ढगांमुळे आपल्याला चंद्र दिसणार नाही. त्या दिवसांत तो आपल्या फलकावर तरी दिसेल, एवढी व्यवस्था आपण मिळून करू या.